कोळशाचा सेस आणि ढळलेलं लक्ष्य

गेल्या आठवड्यात आमच्या पलटणीतल्या एका निवृत्त सुभेदार साहेबांचा फोन आला. गाव चंद्रपूर जिल्ह्यात, घुग्घुसच्या जवळ. दिल्लीच्या हवेची बातमी टीव्हीवर पाहिली आणि माझी आठवण झाली म्हणाले. "मास्क लावता का नाही साहेब?" मी म्हटलं, लावतो. त्यावर हसून म्हणाले, "दिल्लीतला धूर टीव्हीवर येते साहेब. आमचा येत नाही. आमच्याकडे सकाळी वाळू घातलेले कपडे संध्याकाळी झटकून घ्या लागते."

ते गंमतीत बोलले, पण माहिती खरी आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातल्या औद्योगिक पट्ट्यांची प्रदूषण क्रमवारी लावली. अंकलेश्वर पहिलं, वापी दुसरं, गाझियाबाद तिसरं आणि चंद्रपूर चौथं. मी आज जिथे पोस्टिंगवर आहे ती दिल्लीची हद्द आणि सुभेदार साहेबांचा जिल्हा त्या यादीत शेजारी शेजारी होते. त्या यादीनंतर काही महिन्यांतच, १ जुलै २०१० पासून, या देशात कोळशावर एक सेस लागू झाला. हा लेख त्या सेसबद्दल आहे. तो गेल्या वर्षी २२ सप्टेंबरला गेला. त्याच्यामागे कुणी रडलं नाही, कारण तो होता हेच बहुतेकांना माहीत नव्हतं. पण पैसे आपण सगळ्यांनी भरले होते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. मी गणवेशात आहे, पक्षांबद्दल लिहीत नाही. इथे तशी गरजही नाही. सेस एका सरकारने सुरू केला, दुसऱ्याने वाढवला आणि वळवला, आणि वळवताना सगळ्या पक्षांच्या राज्य सरकारांनी माना डोलावल्या. तेव्हा कुणाच्या बाजूने वाचायचं, हा प्रश्न मनातून काढून टाका.

दिल्लीत राहिल्यावर धूर आणि कार्बन यांतला फरक कळतो. धूर हलवता येतो. मथुरा रोडवरचं बदरपूरचं औष्णिक वीज केंद्र, ७०५ मेगावॅटचं, १५ ऑक्टोबर २०१८ रोजी बंद झालं. दिल्लीच्या फुप्फुसांसाठी ते योग्यच झालं. पण दिल्लीची विजेची भूक काही त्या दिवशी बंद झाली नाही. ती वीज दादरीहून, झज्जरहून, दूर सिंगरौली-रिहंदकडून येते. तिथला कोळसा जळतो तेव्हा निघणारा कार्बन डायऑक्साइड पृथ्वीच्या त्याच वातावरणात मिसळतो. राखेचं तळं कुठे असावं हे ठरवता येतं. कार्बनला मात्र पिनकोड नसतो. म्हणून कार्बन कमी करायचा तर एखादी चिमणी पाडून भागत नाही. कोळसा देशात कुठेही जळो, त्याच्या किमतीत त्या कार्बनची काहीतरी किंमत असावी लागते. मग वीज कंपनी, पोलाद कारखाना, सिमेंट कारखाना, सगळेच आपापला हिशेब पुन्हा मांडतात.

२०१०चा सेस हेच करत होता. प्रणव मुखर्जींच्या अर्थसंकल्पात तो आला, टनामागे ५० रुपये. सांगितलं असं की या पैशातून राष्ट्रीय स्वच्छ ऊर्जा निधी उभा राहील आणि स्वच्छ ऊर्जेच्या संशोधनाला, प्रकल्पांना पैसा मिळेल. अरुण जेटलींच्या काळात २०१४ साली १०० रुपये झाले, २०१५ साली २००, २०१६ साली ४००. नावही बदलून 'स्वच्छ पर्यावरण उपकर' झालं. एक टन भारतीय कोळसा जाळला की ढोबळमानाने दीड टन कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे टन कार्बन डायऑक्साइडला सुमारे २७० रुपये. युरोपच्या बाजारात तोच टन कितीतरी पटीने महाग आहे, त्या मानाने हे काहीच नाही. पण 'कार्बन कर' हा शब्द न वापरता, आंदोलन न होता, भारताने २०१० साली कार्बनला किंमत लावली होती. बऱ्याच श्रीमंत देशांना तोवर ते जमलं नव्हतं. याचं श्रेय द्यायला हवं.

आता पैशाचं काय झालं ते पाहू. २०१०-११ ते २०१७-१८ या काळात सेसचे सुमारे ८६,४४० कोटी रुपये जमा झाले. स्वच्छ ऊर्जा निधीत त्यातले सुमारे २९,६४५ कोटी पोचले. प्रत्यक्ष प्रकल्पांना मिळाले सुमारे १५,९११ कोटी. शंभर रुपये धरले तर चौतीस निधीपर्यंत गेले आणि अठरा कामाला लागले. त्यातलेही काही गंगा स्वच्छतेकडे वळले. गंगा स्वच्छ व्हायलाच हवी, पण तिचा कोळशाच्या कार्बनशी काय संबंध? सेसची रक्कम निधीत पुरती वर्ग होत नाही, याकडे कॅगनेही बोट दाखवलं होतं.

मग १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. स्वच्छ पर्यावरण उपकर रद्द झाला आणि त्याच ४०० रुपयांचं नाव झालं 'जीएसटी भरपाई उपकर'. राज्यांचा महसूल बुडाला तर पाच वर्षं भरपाई द्यायची, त्यासाठी हा पैसा. पुढे कोविड आला, महसूल आटला, केंद्राने राज्यांसाठी दोन वर्षांत मिळून २ लाख ६९ हजार कोटींचं कर्ज काढलं. जून २०२२ मध्ये भरपाईची मुदत संपली तरी उपकर चालू राहिला, ते कर्ज फेडण्यासाठी. म्हणजे घुग्घुसच्या खाणीतून निघालेल्या टनामागचे ४०० रुपये आधी सौर ऊर्जेसाठी होते, नंतर राज्यांच्या तिजोरीसाठी, शेवटी कोविडच्या कर्जासाठी. आज देशात वर्षाला शंभर कोटी टनांहून जास्त कोळसा निघतो. टनाला ४०० धरले तर वर्षाचे ४० हजार कोटी.

इथे मला माझीच एक चूक आठवते. कॅप्टन असताना उत्तरेतल्या एका युनिटमध्ये रेजिमेंटल फंडाचा हिशेब माझ्याकडे होता. जवानांच्या वर्गणीतून वाचनालयासाठी पैसे जमले होते. तेवढ्यात मोठं इन्स्पेक्शन लागलं. मी त्या पैशातून परेड ग्राउंडच्या कडेच्या विटा रंगवून घेतल्या, कुंड्या आणल्या. एक पैसाही खिशात गेला नव्हता, सगळ्या पावत्या होत्या. तिमाही ऑडिट बोर्ड बसलं. अध्यक्ष असलेल्या मेजर साहेबांनी बेरीज तपासली, ती जुळली. तरीही त्यांनी आक्षेप लिहिला. मला म्हणाले, "बेरीज बरोबर आहे. पण जवानाने पैसे पुस्तकासाठी दिले होते, कुंडीसाठी नाही." मला ते पैसे पुन्हा वाचनालयाच्या खात्यात उभे करावे लागले. वर शिकवणीही मिळाली.

कोळशाच्या सेसचं हेच झालं. कुणी चोरी केली असं मी म्हणत नाही. बेरीज जुळत असेल. पण पैसे पुस्तकासाठी घेतले होते.

खडकवासल्याला आम्हाला युद्धाची तत्त्वं पाठ करायला लावत. त्यातलं पहिलं तत्त्व म्हणजे लक्ष्याची निवड करणं आणि ते ढळू न देणं. बाकीची तत्त्वं त्यानंतर. कारण लक्ष्य ढळलं की उरलेली सगळी मेहनत शिस्तीत वाया जाते. सेसचं लक्ष्य ढळलं आणि कुणाला टोचलं नाही, याचं कारण राजकारणात आहे. सेसचा पैसा केंद्राला राज्यांशी वाटून घ्यावा लागत नाही, म्हणून केंद्राला सेस आवडतो. भरपाईचा पैसा राज्यांना मिळत होता, म्हणून राज्यं गप्प. वीज कंपन्यांनी तो खर्च दरात घातला, म्हणून त्याही गप्प. विजेच्या बिलावर 'कोळशाचा सेस' अशी वेगळी ओळ नव्हती, म्हणून आपण गप्प. जो कर कुणालाच दिसत नाही त्याचा हिशेब कोण मागणार?

आता गेल्या सप्टेंबरचा निर्णय. ३ सप्टेंबर २०२५ च्या जीएसटी परिषदेत कोळशावरचा ४०० रुपयांचा उपकर काढला आणि जीएसटी ५ टक्क्यांवरून १८ टक्के केला. 'कोळशावर कर वाढला' असं वाटतं. पण आकडे मांडा. टनाला १,२०० रुपये भावाच्या हलक्या कोळशावर आधी ६० रुपये जीएसटी आणि ४०० सेस, असे ४६० रुपये लागत. आता २१६ लागतात. टनाला ५,००० रुपये भावाच्या चांगल्या कोळशावर आधी ६५० लागत, आता ९०० लागतात. तीन हजार रुपयांच्या थोड्या वर ही तागडी फिरते. वीज केंद्रं मुख्यतः स्वस्त कोळसा जाळतात. सरकारच्याच सांगण्यानुसार वीज क्षेत्रासाठी टनामागे सरासरी सुमारे २६० रुपये भार कमी झाला, युनिटमागे १७-१८ पैसे.

सरकारची बाजू अशी की सरसकट ४०० रुपये हलक्या कोळशावर अन्याय होता. हलक्या कोळशात उष्णता कमी, म्हणून तेवढ्याच विजेसाठी जास्त टन लागतात आणि प्रत्येक टनाला सेस पडतो. ही तक्रार चुकीची नाही. पण तिच्यावर उपाय होता कार्बनच्या प्रमाणात कर लावण्याचा. आपण कर लावला किमतीच्या प्रमाणात. आता कोळसा जितका स्वस्त तितका कर कमी. आयात कोळसा आणि देशी कोळसा यांतलं गणित सुधारलं असेल, महसूल सांभाळला असेल, पण कार्बन या हिशेबातून बाहेरच गेला.

त्याहून मोठी गोष्ट फारशी चर्चेत आली नाही. पोलाद किंवा सिमेंटचा कारखाना कोळशावर जो जीएसटी भरतो तो त्याला आपल्या मालावरच्या जीएसटीतून वजा करता येतो. भरपाई उपकर तसा वजा करता येत नव्हता, तो खरा खर्च होता. म्हणजे कारखान्यांसाठी आता कोळशावरचा कर जवळजवळ शून्य झाला आहे. वीज जीएसटीबाहेर असल्याने वीज केंद्रांना ही वजावट नाही, त्यांच्यावर काही भार उरला. पंधरा वर्षं चाललेली कार्बनची किंमत उद्योगांपुरती एका बैठकीत संपली.

याची वेळही पाहा. १ जानेवारी २०२६ पासून युरोपीय संघाचा सीमेवरचा कार्बन कर प्रत्यक्ष लागू झाला. आपलं पोलाद, अॅल्युमिनियम, सिमेंट, खत युरोपला जाईल तेव्हा त्यातल्या कार्बनचा हिशेब तिथे होणार. त्या नियमात एक वजावट आहे: मालाच्या मूळ देशात कार्बनची किंमत खरोखर भरली असेल तर ती कापून मिळते. आपण आपल्या देशात किंमत घेतली तर पैसा दिल्लीत राहतो, नाही घेतली तर ब्रसेल्सला जातो. आपण आपला दावा सीमेवरचा कर सुरू होण्याच्या तीन महिने आधी सोडून दिला. युरोपने हा कर एकतर्फी लादला, हे मला मान्य आहे. पण शत्रू पुढे येताना दिसत असताना आपला मोर्चा रिकामा करायचा नसतो, हेही मला शिकवलेलं आहे.

कुणी म्हणेल, सेसऐवजी आता कार्बन बाजार येतोय. येतोय खरा. ऊर्जा संवर्धन कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, जून २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट ट्रेडिंग योजना अधिसूचित झाली. रामकृष्णपुरममधल्या सेवा भवनात, आम्ही फौजी लोक ज्या रस्त्याने रोज जातो तिथेच, ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोत तिचं काम चालतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये अॅल्युमिनियम, सिमेंट, क्लोर-अल्कली आणि कागद या उद्योगांना पहिली उद्दिष्टं मिळाली. चांगलं पाऊल आहे. पण देशातला सगळ्यात जास्त कोळसा जाळणारं क्षेत्र म्हणजे औष्णिक वीज, आणि ती या यादीत नाही. मुख्य फौज बॅरेकमध्ये ठेवून लढाईला बँड पथक पाठवल्यासारखं झालं.

आता आक्षेप घेऊ. पहिला, नेहमीचा आणि खरा: भारतीय माणूस वर्षाला सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड सोडतो, अमेरिकन माणूस चौदा-पंधरा टन. मग आपण का भरायचं? २००९ साली कोपनहेगनला श्रीमंत देशांनी २०२० पर्यंत वर्षाला १०० अब्ज डॉलर उभे करण्याचा शब्द दिला आणि वेळेत पाळला नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये बाकूला ३०० अब्जांचा आकडा जाहीर झाला तेव्हा भारताच्या प्रतिनिधीने त्याला दृष्टिभ्रम म्हटलं. मला त्याचा अभिमान वाटला. पण बाकूत आपण ज्या तोंडाने 'कबूल केलेला पैसा कुठे आहे' असं विचारतो, त्याच तोंडाने घरी ८६ हजार कोटींबद्दल विचारायला नको का?

दुसरा आक्षेप: सेस नसतानाही सौर ऊर्जा वाढतेच आहे. वाढते आहे, आणि जोरात. जून २०२५ मध्ये देशाच्या वीज क्षमतेत बिगर-जीवाश्म वाटा निम्म्यावर गेला, २०३० च्या लक्ष्याच्या पाच वर्षं आधी. पण क्षमता म्हणजे नावनिशीवरचे जवान. प्रत्यक्ष गस्तीवर कोण आहे ते पाहिलं तर आजही तयार होणाऱ्या विजेत कोळशाचा वाटा ७० टक्क्यांच्या आसपास आहे. सूर्य मावळल्यावर लागणारी साठवण आणि पारेषण वाहिन्या यांनाच तर पैसा हवा आहे. सेस नेमका त्यासाठी होता.

तिसरा आक्षेप सगळ्यात गंभीर: गरिबाची वीज महाग होईल. एका युनिटला साधारण ६५० ग्रॅम कोळसा धरला तर टनाला ४०० रुपये म्हणजे युनिटला २६ पैसे. महिन्याला १०० युनिट वापरणाऱ्या घरावर २६ रुपये. आता वर्षाचे ४० हजार कोटी देशातल्या ढोबळ ३० कोटी कुटुंबांना सारखे वाटा. प्रत्येक घराला महिन्याला सुमारे ११० रुपये येतात. पोलाद-सिमेंट महागल्याचा थोडा भार वेगळा धरला तरी छोट्या घराच्या हातात पैसे उरतात, कारण जास्त कोळसा जाळून घेणारे मोठे आहेत. बँक खातं आणि आधार जोडणारी यंत्रणा तयार आहे. गॅसचं अनुदान तिच्यातून गेलंच होतं. म्हणजे प्रश्न गरिबीचा नाही, पैसा कुठे ठेवायचा याचा आहे.

मी सगळा पैसा घरोघर वाटा असंही म्हणत नाही. सुभेदार साहेबांचा मुलगा कोळशाच्या टिपरवर कंत्राटी चालक आहे. देशाने कोळसा कमी केला की पहिली नोकरी त्याची जाणार. त्याला पेन्शन नाही, युनियन नाही. चंद्रपूर, वणी, नागपूर, सिंगरौली, कोरबा, धनबाद या भागांनी देशाला दिवे दिले आणि राख घरात ठेवली. चंद्रपूरचं केंद्र २,९२० मेगावॅटचं आहे. तिथली वीज महाराष्ट्रभर जाते, धूर तिथेच राहतो. कार्बनच्या पैशावर पहिला हक्क कुणाचा असेल तर या लोकांचा.

तेव्हा मागणी तीनच गोष्टींची. कर किमतीवर नको, कार्बनच्या वजनावर लावा. त्याचं खातं वेगळं ठेवा, दर तिमाहीला जाहीर करा, आणि त्यातला ठरलेला वाटा कुटुंबांना आणि कोळसा जिल्ह्यांना कायद्यानेच बांधून द्या. आणि कार्बन बाजारात औष्णिक वीज आणा, तिला वेळ द्या, पण बाहेर ठेवू नका.

माझ्या माजी सैनिक वाचकांना एक विनंती. आपण आयुष्यभर डिझेलच्या एकेका जेरीकॅनसाठी व्हाउचरवर सही केली आहे. उंचावरच्या पोस्टवर ते जेरीकॅन पोचवताना काय किंमत मोजावी लागते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. हिशेब मागणं हा आपला स्वभाव आहे. तुमचे खासदार भेटतील तेव्हा प्रदूषणावर भाषण मागू नका. कोळशाच्या सेसचा ताळेबंद मागा.

हे आकडे मी एका कागदावर लिहून सुभेदार साहेबांना व्हॉट्सअॅपवर पाठवले. रात्री त्यांचा फोन आला. पूर्ण वाचलं म्हणाले, दोनदा. मग थोडं थांबून विचारलं, "साहेब, यावर सही कोनाची आहे?"

मी सांगितलं, सही कुणाचीच नाही. ते काही बोलले नाहीत. पलटणीत असते तर म्हणाले असते, मग हा कागद परत पाठवा.